जावयाला हरवायचं म्हणजे

कुंडलिक शेलारांचा जावई पोकरमध्ये हरत नसे. दिवाळसणाला मितेश पहिल्यांदा डोंबिवलीला सासुरवाडीत राहायला आला, तेव्हापासून तो एकवीस रविवार खेळला आणि एकवीसही जिंकला. मोबाइलवर त्याने याची नोंद ठेवली होती. तारीख, डाव, निकाल आणि सगळ्यात खाली टक्केवारी. ती शंभर होती. शंभर टक्के यश मिळालेल्या माणसाचं जे होतं तेच मितेशचं झालं. आपल्याला खेळता येतं असं त्याला मनापासून वाटू लागलं.

खरी गोष्ट अशी होती की त्या घरात पोकर कुणालाच कळत नव्हता. कुंडलिकराव एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. त्यांची पत्नी कलावती आणि खालच्या मजल्यावर राहणारा तिचा धाकटा भाऊ रवींद्र, हे दोघं, स्वतः कुंडलिकराव आणि जावई मिळून चौघांची बैठक जमायची. दिवाळीत मितेशने पत्त्यांचा नवा कोरा जोड उघडून नियम समजावले होते. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मध्ये सगळ्यांची मिळून पाच, त्यातून ज्याचा मेळ मोठा तो जिंकला. पैसे लावायचा प्रश्नच नव्हता, म्हणून कलावतीने डब्यातले चिंचोके काढले आणि चौघांना सारखे वाटून दिले.

मितेशने चिंचोके पुढे सरकवले की बाकीचे तिघं आपली पानं खाली टाकून डाव सोडत. पानं कशी आहेत हा मुद्दाच नसे. जावई चार घटका बसायला आलाय, त्याला खेळात हरवून पाठवायचं म्हणजे काय, हे त्या घरात कुणी कुणाला सांगावंही लागलं नव्हतं. रवींद्रने एकदा हातात दोन एक्के असताना पानं टाकली आणि वर म्हणाला, “छ्या, आज पानच पडत नाही.” मितेश त्यावर मोठ्या समजूतदारपणे हसला. आपण समोरच्यावर दबाव आणतो तो कसा, हे त्याने घरी जाताना गाडीत बायकोला, सोनलला समजावून सांगितलं.

असं सगळं सुखाने चाललेलं असताना अधिक महिना लागला आणि पहिल्याच बुधवारी सोनल एकटी माहेरी आली. ती ठाण्यात एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. त्या दिवशी तिने अर्धी रजा टाकली होती आणि चप्पल काढता काढताच ती म्हणाली, “पपा, मितेश नोकरी सोडतोय.”

“का? दुसरी मिळाली?”

“गोव्याला जाऊन पोकर खेळणार. कॅसिनोत स्पर्धा असतात म्हणे. मोबाइलवरचे पैशांचे खेळ बंद झाले, नाहीतर घरी बसूनच खेळलो असतो म्हणतो. जूनच्या शेवटी राजीनामा देणार.” ती खुर्चीत बसली. “मी म्हटलं, तुला येतं कशावरून? तर मोबाइल काढून दाखवला. एकवीस बैठका, एकवीस विजय. पपा, त्याचा सगळा पुरावा म्हणजे तुम्ही तिघं आहात.”

कुंडलिकरावांनी कलावतीकडे पाहिलं. कलावतीने पंख्याकडे पाहिलं.

घोडबंदर रोडला सत्ताविसाव्या मजल्यावर त्या दोघांनी घर घेतलं होतं आणि त्याचे हप्ते दोघांच्या पगारावर उभे होते. एका पगारात ते घर राहत नाही, हे सोनलने बोटांवर न मोजताच सांगितलं. मग ती हळूच म्हणाली, “एकदाच त्याला हरवा. नीट हरवा. म्हणजे तो भानावर येईल.”

ती गेल्यावर घरात वादाला तोंड फुटलं. कलावतीचं म्हणणं सरळ होतं. लग्नानंतरचा हा पहिला अधिक, जावई या महिन्यात नारायणाच्या जागी, त्याला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं आणि त्याच पाटावर बसवून हरवायचं? “माझ्या बाबांनी तुम्हाला कधी हरवलं होतं का?” तिने विचारलं.

“ते हरवूच शकत नव्हते,” कुंडलिकराव म्हणाले. “मेंढीकोटात तुमच्या नारायणगावात माझ्यासमोर टिकणारा माणूस नव्हता.”

कलावती चहा गाळायला वळली. पण चहाला आलेला रवींद्र बशीत तोंड लपवून हसू लागला आणि मग त्याला ठसकाच लागला. “दाजी, अहो हुकमाची पानं आम्ही लेंग्याखाली दाबून बसायचो. टाकायला गेलो की बाबा डोळे वटारायचे आमच्यावर.”

कुंडलिकरावांना ते पचायला दोन दिवस लागले. तीस वर्षं जपलेला मान असा बशीतल्या चहाबरोबर गेल्यावर माणूस जरा गप्प होतो. पण त्यातून त्यांना एक कळलं. ‘आम्ही तुला जिंकू देत होतो’ हे तोंडाने सांगून चालणार नाही. तसं सांगितलं की माणसाला आजचाच नाही, मागचे सगळे डाव गमावल्यासारखं होतं. मितेशला हरवायचं तर पानांवर हरवायचं. आणि तिथेच घोडं अडलं, कारण पोकरमध्ये पानं टाकण्यापलीकडे त्यांना काहीच येत नव्हतं.

तेव्हा ते सरळ जावयालाच म्हणाले, “मितेशराव, मला हा खेळ नीट शिकवा.”

मितेशला इतका आनंद झाला की पुढचे तीन रविवार तो घोडबंदरचा ट्रॅफिक सोसून सकाळी दहालाच हजर झाला. खेळ नाही, नुसती शिकवणी, आणि सोबत वही. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘नवशिक्यांसाठी’.

“पपा, पहिली गोष्ट. दहातले सात-आठ डाव टाकून द्यायचे. नवीन माणूस कुठे चुकतो, तर त्याला प्रत्येक डाव खेळायचा असतो. बोअर होतं म्हणून खेळायचं नाही.”

“टाकायला जमतं मला,” कुंडलिकराव म्हणाले.

“तुमचं तेच चांगलं आहे. पण तुम्ही कधीकधी चांगली पानं पण टाकता, मला वाटतं. दुसरी गोष्ट, बसायची जागा. जो शेवटी बोलतो त्याला बाकीच्यांचं कळलेलं असतं, म्हणून शेवटी बोलायची पाळी असेल तेव्हा थोडं सैल खेळायचं, पहिली असेल तेव्हा अजिबात नाही. तिसरी, खेळायचंच ठरवलं तर दबकत दबकत एकेक चिंचोका टाकायचा नाही. वाढवायचं. नाहीतर टाकून द्यायचं.”

कुंडलिकराव चष्मा लावून लिहून घेत होते. कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं रंगाच्या टाक्यांचं तापमान लिहून घेतलं होतं, त्याच अक्षरात. आणि लिहिता लिहिता त्यांच्या ध्यानात आलं की पोरगा शिकवतो फार छान. न चिडता, दोनदा विचारलं तर दोनदा सांगत होता. हरलेले चिंचोके परत मिळवायच्या नादात आणखी लावायचे नाहीत. दोन-चार डावांच्या निकालावरून आपण हुशार की मूर्ख हे ठरवायचं नाही. हे सगळं त्याला पाठ होतं. त्यातलं एकही त्याने स्वतःला लावून पाहिलं नव्हतं, एवढंच.

“आणि थाप?” कुंडलिकरावांनी विचारलं. “हातात काही नसताना मोठं लावायचं, ते?”

“ब्लफ. ते कमी करायचं. आणि जो पानं टाकू शकतो त्याच्यासमोरच करायचं. जो तेवढेच लावून पानं बघणारच, त्याच्यासमोर ब्लफ म्हणजे वेडेपणा. अजून एक, ब्लफची स्टोरी पहिल्यापासून जुळली पाहिजे. मध्येच कहाणी बदलली की माणूस पकडला जातो.”

“समोरचा थाप मारतोय हे ओळखायचं कसं?”

“चेहऱ्याकडे नाही बघायचं, पपा. चेहरा सगळ्यांना सांभाळता येतो. हात बघायचे.”

कुंडलिकरावांनी ‘हात’ लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

अधिकाच्या शेवटच्या रविवारी कलावतीने पहाटेपासून अनारसे घातले. पहिला घाणा तुपात हसला, फुटून पसरला, पण पुढचे चांगले जमले. तांब्याच्या ताम्हनात तेहतीस अनारसे, वर तुपाचा दिवा, शेजारी नवा शर्टपीस. मितेशला पाटावर बसवून ओवाळलं, त्याने वाकून नमस्कार केला. जेवणं झाली. आमरसाच्या वाट्या उचलल्या गेल्या आणि हॉलमध्ये सतरंजी पडली. सोनल आत भांडी आवरायला गेली. जाताना तिने वडिलांकडे एकदा पाहिलं, तेवढं पुरे होतं.

कलावतीने आपला हेका सोडला नाही. तिने पहिल्या दहा मिनिटांत होते नव्हते तेवढे चिंचोके जावयाच्या पदरात टाकले आणि ‘मला जमत नाही बाई’ म्हणून स्वयंपाकघरात गेली. रवींद्रही थोड्या वेळाने संपला आणि आइस्क्रीम आणायला उठला. उरले सासरा आणि जावई.

कुंडलिकराव टाकत होते. वाईट पानं आली की टाकत होते, आणि यावेळी खरोखरच वाईट होती म्हणून टाकत होते. मितेश नेहमीसारखा दर डावाला लावत होता. लावायचं आणि समोरचं पान खाली पडलेलं बघायचं, या सवयीला आता आठ महिने झाले होते. मग कुंडलिकरावांकडे एक दश्शी आली आणि मध्येही दश्शी पडली. मितेशने वीस चिंचोके पुढे केले. कुंडलिकरावांनी वीस मोजून ठेवले.

मितेश थांबला. “पपा, तुम्ही बघताय?”

“हो. बघतोय.”

पानं उलटली. मितेशकडे काहीच नव्हतं, नुसती राणी होती. तो हसला, नशिबाबद्दल काहीतरी बोलला आणि पुढचा डाव वाटला. पण कुंडलिकरावांनी त्याचे हात पाहून ठेवले होते. पानं चांगली असली की मितेशचे हात मांडीवर निवांत पडत. हातात काही नसलं की त्याची बोटं समोरचे चिंचोके दहा-दहाच्या रांगेत लावू लागत, सरळ, एकासारखी एक. एकदा दिसल्यावर ते इतकं ठळक दिसू लागलं की आठ महिने आपण काय बघत होतो असं त्यांना झालं. अर्थात आठ महिने बघायचं कुणाला होतं.

शेवटच्या डावात कुंडलिकरावांच्या हातात दोन सत्त्या होत्या आणि मध्ये तिसरी पडली. मितेशने लावलं, त्यांनी बघितलं. त्याने पुन्हा वाढवलं, त्यांनी पुन्हा बघितलं. शेवटचं पान पडल्यावर मितेशने उरलेले सगळे चिंचोके मध्ये लोटायच्या आधी त्यांच्या चार रांगा केल्या. कुंडलिकरावांना मनातून वाईट वाटलं, पण ते म्हणाले, “बघतो.”

तीन सत्त्या. समोर काळा गुलाम आणि एक चौकी, कशाला कशाचा मेळ नाही. सासऱ्याने जावयाला अर्ध्या तासात, जावयानेच शिकवलेल्या पद्धतीने, झाडून नेलं होतं.

“मस्त खेळलात, पपा,” मितेश म्हणाला. आवाज नीट होता. चेहराही नीट होता. त्याने न सांगताच सासऱ्याचा ढीग आवरायला घेतला.

कुंडलिकरावांना वाटलं, जमलं. आता फक्त शेवटचा खिळा ठोकायचा. “मग आता गोव्याचं काय?”

“एका दिवसाने काय होतंय? एकवीसला एक. दोन-चार डावांवरून ठरवायचं नसतं, मी सांगितलेलं ना? मी राजीनामा देतोच आहे.”

त्याची बोटं चिंचोके लावत होती. दहाची एक रांग पूर्ण झाली, दुसरी सुरू झाली.

कुंडलिकराव त्या रांगेकडे बघत राहिले. इथे तर डाव संपला होता. पानं गोळा झाली होती. “राजीनामा द्यायचा कुणाकडे असतो?” त्यांनी विचारलं.

“एचआरकडे. मेघना मॅडम आहेत.”

दुसरी रांग पूर्ण झाली, पहिलीपेक्षाही सरळ.

“नोटीस किती दिवसांची?”

“आमच्याकडे... महिन्याची. म्हणजे बोलून कमी होते.”

“मागे तुम्ही दोन महिने म्हणाला होतात.”

तिसरी रांग सहा चिंचोक्यांवर थांबली. आतून भांड्यांचा आवाज येत होता. कुंडलिकरावांनी आवाज खाली आणला. “मितेशराव, नोकरी आहे ना?”

मितेशने सातवा चिंचोका उचलला, रांगेत ठेवला नाही. “नाही,” तो म्हणाला. “एकतीस मार्चला काढलं. आमची अख्खी टीम काढली. तीन महिन्यांचा पगार दिला, तो जूनला संपतो.”

“पण तुम्ही रोज डबा घेऊन जाता म्हणे.”

“कोलशेतला जातो. खाडीच्या बाजूला बाग आहे, दुपारपर्यंत सावली असते. मग मॉलमध्ये. अर्ज करतोय, पपा. ऐंशीच्या वर केले. सोनलला सांगणार होतो, पण पहिल्या दिवशी नाही सांगितलं, मग दुसऱ्या दिवशी सांगायचं कसं?” तो चिंचोक्याशीच बोलत होता. “काढलं म्हणण्यापेक्षा सोडली म्हटलं तर बरं दिसतं. पण सोडायची तर काहीतरी जमत असलं पाहिजे ना, की ज्याच्यासाठी सोडली. मला हे एकच जमत होतं.”

कुंडलिकरावांना स्वतःची लाज वाटली. जी नोकरी वाचवायला ते तीन रविवार चष्मा लावून बसले होते, ती अडीच महिन्यांपूर्वीच गेली होती. जाग्यावर होतं ते त्या पोराचं ‘हे एकच’, आणि ते त्यांनी नुकतंच तीन सत्त्यांनी काढून घेतलं होतं.

मितेशने मान वर केली. “एक विचारू? आधीचे एकवीस रविवार. ते मी जिंकलेलो ना?”

तो चेहऱ्याकडे बघत नव्हता. तो सासऱ्याच्या हातांकडे बघत होता. कुंडलिकरावांनी दोन्ही हात सतरंजीवर होते तिथेच राहू दिले. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी तापमानाच्या वहीत एक खोटा आकडा लिहिला नव्हता.

“तुम्हीच जिंकलात,” ते म्हणाले. “आम्हाला तुमचा अंदाजच येत नव्हता. आज तुम्ही शिकवलंत म्हणून आला.”

मितेश बराच वेळ त्यांच्या हातांकडे बघत राहिला. मग त्याने हातातला चिंचोका खाली ठेवला. त्याला पटलं की त्याने पटवून घेतलं, हे कुंडलिकरावांना शेवटपर्यंत कळलं नाही.

“आज घरी गेल्यावर सोनलला सगळं सांगायचं,” ते म्हणाले. “बागेसकट. ते मी सांगणार नाही, तुम्ही सांगायचं.”

“सांगतो.”

“शिकवण्या वगैरे घेतल्यात तर जमेल तुम्हाला. पत्त्यांच्या नव्हे, तुमच्या कामाच्या. शिकवता छान. हे मी जावई म्हणून म्हणत नाही.”

पावलं वाजली तशी कुंडलिकरावांनी कोपराने सगळा ढीग मितेशपुढे सरकवला. रांगा मोडल्या. सोनल पदराला हात पुसावेत तसे ओढणीला पुसत दारात आली. तिने आधी नवऱ्याकडे आणि मग वडिलांकडे पाहिलं.

“कोण जिंकलं?”

“जावई,” कुंडलिकराव म्हणाले.

सोनलचा चेहरा उतरला. “मला वाटलेलं, पपा, आज तरी तुम्ही माझ्यासाठी खेळाल,” ती म्हणाली आणि खाली वाकून पत्ते उचलू लागली. मितेशने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. कुंडलिकरावांनी कळेल न कळेल अशी मान हलवली, आणि त्याने तोंड मिटलं.

आतून कलावतीचा आवाज आला, चांगला मोकळा आणि समाधानी. “बरं झालं बाई. अधिकात जावई हरायला नको.” मग ती अनारशांचा डबा घेऊन बाहेर आली आणि वाटेत खायला म्हणून त्यातले चार जावयाच्या हातावर ठेवले.